घटक ४ : क्रीडा महोत्सवांतील पोलीस बंदोबस्त आणि मानवी हक्कांचे संरक्षण

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :

• मोठ्या क्रीडास्पर्धांच्या वेळी पोलिसांवर कोणत्या जबाबदाऱ्या येतात, हे सांगता येईल.
• बंदोबस्ताच्या निमित्ताने कोणाचे कोणते हक्क धोक्यात येऊ शकतात, हे स्पष्ट करता येईल.
• जमावबंदी, तडीपारी, प्रतिबंधात्मक अटक या अधिकारांच्या कायदेशीर मर्यादा समजून घेता येतील.
• सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनुभवांच्या आधारे सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांच्या संबंधाची चर्चा करता येईल.
• हक्कभंग झाल्यास दाद कोठे मागावी, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भारतीय संविधानातील मूलभूत हक्क आणि राज्यसंस्थेची कर्तव्ये यांचा परिचय करून घेतला. हे हक्क प्रत्यक्ष जीवनात कोठे कसोटीला लागतात, याचा विचार या घटकात करावयाचा आहे. त्यासाठी आपण एक वरवर साधे वाटणारे क्षेत्र निवडले आहे. ते म्हणजे खेळाचे मैदान आणि त्याच्या फाटकाबाहेरचा रस्ता.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना खेळाची मोठी परंपरा आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. हेच खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. ज्याच्यासाठी गर्दी जमली तो खेळाडू आणि गर्दीला वाट करून देणारा पोलीस, अशा दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या. आपल्या विषयाचे हे एक बोलके प्रतीक आहे.

अलीकडच्या काळातही ही परंपरा खंडित झालेली नाही. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत उतरले. साताऱ्याच्या अदिती स्वामी २०२३ मध्ये तिरंदाजीच्या जगज्जेत्या ठरल्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या संघात सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना होत्या.

खेळाडू येथून जगाच्या मैदानावर जातात, तसेच जगाचे मैदानही आता आपल्या दाराशी येऊ लागले आहे. पुण्याच्या बालेवाडीत २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. २०१७ मध्ये नवी मुंबईत सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. अशा वेळी एक प्रश्न अटळपणे पुढे येतो : पाहुण्यांसमोर शहर सुरक्षित आणि नीटनेटके दिसावे म्हणून राज्यसंस्थेने काय करावे आणि काय करू नये?

४.२ विषय-विवेचन

४.२.१ क्रीडास्पर्धा आणि बंदोबस्ताचे स्वरूप

मोठी क्रीडास्पर्धा म्हणजे थोड्या जागेत, थोड्या काळासाठी, फार मोठ्या संख्येने जमलेली माणसे. तिचा बंदोबस्त नेहमीच्या पोलीस कामापेक्षा तीन बाबतींत वेगळा असतो. पहिली गोष्ट म्हणजे वेळ ठरलेली असते. सामना सुरू झाला की निर्णय मिनिटांत घ्यावे लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे मान्यवर पाहुणे, परदेशी संघ आणि प्रसारमाध्यमे यांची उपस्थिती; त्यामुळे प्रशासनावर प्रतिमेचे दडपण असते. तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरून मागवलेले मनुष्यबळ. गृहरक्षक दल, राज्य राखीव पोलीस दल आणि खाजगी सुरक्षारक्षक यांना त्या गावाची, तेथील रस्त्यांची व माणसांची ओळख नसते.

आपल्या दोन जिल्ह्यांत अशा बंदोबस्ताचे लहान प्रमाणावरील प्रसंग वारंवार येतात. यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने धावली जाणारी सातारा हिल मॅरेथॉन, एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या शाहू स्टेडियममध्ये झालेली महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा, मार्च २०२३ मध्ये सांगलीत झालेली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा ही त्याची उदाहरणे होत. बैलगाडा शर्यतींचाही यात समावेश करावा लागेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. त्यामुळे ग्रामीण भागात शर्यतीच्या दिवशी पोलिसांवर नवी जबाबदारी आली. या प्रसंगांतून शिकता येणारे धडे आंतरराष्ट्रीय स्पर्धांनाही लागू पडतात.

४.२.२ हक्कांचा पाया

बंदोबस्ताचा विचार करताना संविधानातील चार अनुच्छेद विशेष महत्त्वाचे आहेत. अनुच्छेद १४ कायद्यापुढील समानतेची हमी देतो. अनुच्छेद १९ शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे, देशभर संचार करण्याचे आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद २१ जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण करतो. अनुच्छेद २२ अटक झालेल्या व्यक्तीला अटकेचे कारण समजण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क देतो.

अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये निरंकुश नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यांवर वाजवी निर्बंध घालता येतात. येथे ‘वाजवी’ हा शब्द कळीचा आहे. निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, त्याचे उद्दिष्ट योग्य हवे, त्याची खरोखर गरज हवी आणि तो गरजेपेक्षा अधिक असता कामा नये. या चार अटींना मिळून ‘प्रमाणबद्धतेचे तत्त्व’ म्हणतात. या घटकात पुढे येणारा प्रत्येक प्रश्न आपण याच चार अटींवर तपासणार आहोत.

आंतरराष्ट्रीय स्तरावर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आणि १९६६ चा नागरी व राजकीय हक्कांचा करार हे प्रमुख आधार आहेत. या कराराला भारताने १९७९ मध्ये मान्यता दिली. पोलिसांनी बळ व शस्त्रे कशी वापरावीत, याविषयी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये मूलभूत तत्त्वे स्वीकारली. आधी बिगर-हिंसक उपाय योजणे, बळाचा वापर टाळता न आल्यास तो मर्यादित ठेवणे आणि जखमींना तत्काळ वैद्यकीय मदत देणे हा त्यांचा गाभा आहे.

४.२.३ दिल्ली २०१० : ‘स्वच्छ’ शहराची किंमत

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. स्पर्धेपूर्वी शहर सुशोभित करण्याची मोठी मोहीम राबवण्यात आली. झोपड्या हटवल्या गेल्या, फेरीवाले उठवले गेले आणि भीक मागणाऱ्यांना पकडून फिरत्या न्यायालयांसमोर उभे करण्यात आले. या कारवाईसाठी वापरलेला कायदा आपल्या राज्याच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. तो होता मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९. मुंबई राज्याने केलेला हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू करण्यात आला होता.

या कायद्यातील ‘भीक मागणे’ याची व्याख्या अत्यंत व्यापक आहे. सार्वजनिक ठिकाणी गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून, कसरत करून किंवा एखादी वस्तू विकण्याच्या निमित्ताने पैसे घेणेही तिच्यात येऊ शकते. उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना भटकणारी व्यक्तीही तिच्या कक्षेत येते. अशा व्यक्तीस पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंत संस्थेत डांबून ठेवण्याची त्यात तरतूद आहे.

ही व्याख्या वाचताना महाराष्ट्रातील वासुदेव, नंदीबैलवाले, डोंबारी, कुडमुडे जोशी यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्या कलांचा आपण ‘लोककला’ म्हणून अभ्यास करतो, त्याच कला रस्त्यावर सादर झाल्या की या कायद्याच्या भाषेत गुन्हा ठरू शकतात. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. दारिद्र्यामुळे हात पसरणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवणे हे अनुच्छेद १४ आणि २१ यांच्याशी विसंगत आहे, हा त्या निर्णयाचा आशय होता. मात्र तो निर्णय स्पर्धा संपल्यानंतर आठ वर्षांनी आला. २०१० मध्ये उचलून नेलेल्यांना त्याचा काहीही उपयोग झाला नाही. मोठ्या स्पर्धांच्या वेळी हक्कभंग वेगाने घडतो आणि न्याय सावकाश पोहोचतो, म्हणून संरक्षणाची व्यवस्था स्पर्धेच्या आधी उभी करावी लागते. हा या उदाहरणाचा मुख्य बोध आहे.

४.२.४ संशयाचा वारसा

बंदोबस्ताच्या वेळी ‘संशयित’ म्हणून प्रथम कोणाकडे पाहिले जाते? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात दडलेले आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यानुसार काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवून त्यांच्यावर हजेरी आणि हालचालींची बंधने लादण्यात आली. १९५२ मध्ये हा कायदा देशभरात रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु कायदा रद्द झाला म्हणून दृष्टी बदलतेच असे नाही.

मराठीच्या विद्यार्थ्यांना हे वास्तव साहित्यातून परिचित आहे. फलटण परिसरातील कैकाडी समाजाचे जीवन मांडणारे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले. दोन्ही कृतींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोटासाठी भटकणे आणि संशयाखाली जगणे यांचा संबंध या आत्मकथनांतून जितक्या स्पष्टपणे उमगतो, तितका तो कायद्याच्या पुस्तकांतून क्वचितच उमगतो. म्हणूनच या घटकाचा अभ्यास करताना त्यांचे पुनर्वाचन उपयुक्त ठरेल.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका जिल्ह्याच्या ठिकाणी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आहे. स्टेडियमच्या फाटकाशी पारधी समाजातील एक स्त्री आपल्या दोन मुलांसह फुगे आणि खेळणी विकत आहे. पाहुण्यांची वाहने येण्यापूर्वी पोलीस तिला उठवतात, तिचा माल जप्त करतात आणि ‘चोरीचा संशय’ म्हणून ठाण्यात बसवून ठेवतात. आपल्या चार अटी येथे लावून पाहू.

(अ) कायद्याचा आधार : फाटक मोकळे ठेवण्यासाठी तिला दुसऱ्या जागी जाण्यास सांगणे कायदेशीर असू शकते. मात्र पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्रेत्याला विक्रीच्या जागेवरून निष्कासित करावयाचे झाल्यास तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि जप्त मालाची यादी करून द्यावी लागते. केवळ जमातीवरून घेतलेल्या संशयाला कायद्याचा आधार नाही.
(आ) उद्दिष्ट : गर्दीचा मार्ग मोकळा ठेवणे हे योग्य उद्दिष्ट आहे. पाहुण्यांना गरिबी दिसू नये, हे योग्य उद्दिष्ट नाही.
(इ) गरज : मार्ग मोकळा ठेवण्यासाठी तिने काही अंतरावर जाणे पुरेसे आहे. ठाण्यात बसवून ठेवण्याची गरज नाही.
(ई) प्रमाण : माल जप्त केल्याने तिची दिवसाची कमाई जाते आणि लहान मुले उघड्यावर राहतात. साधलेल्या हेतूच्या मानाने ही हानी फार मोठी आहे.

चारपैकी एकही अट पूर्णपणे न पाळल्यामुळे ही कारवाई वाजवी निर्बंधांत बसत नाही. तिला काही अंतरावर जागा आखून दिली असती, तर सुरक्षाही राहिली असती आणि तिचा हक्कही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १

रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
१. खाशाबा जाधव यांनी ......... येथील ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.
२. अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क संविधानाच्या अनुच्छेद ......... मध्ये दिले आहेत.
३. गुन्हेगार जमाती कायदा ......... साली करण्यात आला.

४.२.५ गर्दीकडे पाहण्याची दृष्टी

जीवित सुरक्षित राहणे हा गर्दीतील प्रत्येकाचा पहिला हक्क आहे. साताऱ्याने याची फार मोठी किंमत मोजली आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन २९० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद चढणीचा मार्ग, दुतर्फा दाटलेली दुकाने, निसरड्या पायऱ्या आणि नंतर भडकलेली आग यांमुळे माणसांना बाहेर पडायला वाट उरली नाही. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. हा प्रसंग यात्रेचा असला, तरी गर्दीचे नियम मैदानावर आणि डोंगरावर सारखेच असतात.

इंग्लंडमधील शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी फुटबॉलच्या सामन्यात अशीच दुर्घटना घडली. बाहेर साचलेली गर्दी कमी करण्यासाठी पोलिसांनी निर्गमन-द्वार उघडले. परंतु आधीच भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. प्रेक्षक मैदानात घुसू नयेत म्हणून उभारलेले कुंपणच त्यांच्या मृत्यूचे कारण ठरले. या घटनेत एकूण ९७ जणांचा बळी गेला. प्रारंभी दोष प्रेक्षकांच्याच वर्तनावर ढकलण्यात आला. मृतांच्या कुटुंबीयांनी सत्तावीस वर्षे लढा दिल्यानंतर, २०१६ मध्ये, प्रेक्षकांचा दोष नव्हता आणि हे मृत्यू बेकायदेशीर कृतीमुळे झाले, असा निर्णय ज्यूरीने दिला.

४ जून २०२५ रोजी बंगळूरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी ४ जुलै २०२४ रोजी मुंबईत मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्या क्रिकेट संघाच्या स्वागताला अफाट जनसमुदाय लोटला होता. तेथे काहींना गुदमरल्याचा त्रास झाला. मात्र जीवितहानी टळली.

या उदाहरणांतून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. गर्दीकडे ‘उपद्रव’ म्हणून पाहिले की कुंपणे, कुलुपे आणि लाठ्या यांवर भर दिला जातो. गर्दीकडे ‘हक्क असलेली माणसे’ म्हणून पाहिले की वाटा, पाणी, प्रकाश, सूचना आणि वैद्यकीय मदत यांवर भर दिला जातो. युरोप परिषदेने २०१६ मध्ये केलेल्या सेंट-डेनिस करारात सुरक्षितता, संरक्षण आणि सेवा या तिन्हींचा एकत्र विचार करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. नियोजनात झालेली हयगय हादेखील जीविताच्या हक्काचा भंग ठरू शकतो, हे येथे लक्षात ठेवावे.

४.२.६ प्रतिबंधात्मक अधिकार आणि त्यांच्या मर्यादा

(अ) जमावबंदी : जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदी लागू केल्याच्या बातम्या आपण स्थानिक वृत्तपत्रांत नेहमी वाचतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) नुसार शस्त्रे, दगड वगैरे बाळगण्यास आणि कलम ३७ (३) नुसार जमाव व मिरवणुका यांना मनाई करता येते. शासनाच्या मंजुरीविना जमावबंदीचा असा आदेश पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ चालू ठेवता येत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १४४ ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. जानेवारी २०२० मधील अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे आदेश सकारण असावेत, प्रसिद्ध केले जावेत आणि मतभेद दडपण्यासाठी त्यांचा वापर होऊ नये. स्पर्धेच्या काळात एखाद्या संघटनेला शांततेने निदर्शने करावयाची असतील, तर जागा व वेळ ठरवून देणे योग्य. सरसकट बंदी घालणे योग्य नव्हे.

(आ) तडीपारी : याच अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ नुसार एखाद्या व्यक्तीस अथवा टोळीस जिल्ह्याबाहेर काढता येते. त्याची कमाल मुदत दोन वर्षे आहे. आदेशापूर्वी नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. तडीपारी हा असाधारण उपाय असून तो जपून वापरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले.

(इ) प्रतिबंधात्मक अटक : दखलपात्र गुन्हा घडण्याची योजना आहे आणि अटकेशिवाय तो टाळता येणार नाही, अशी परिस्थिती असल्यासच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० नुसार अटक करता येते. अन्य कारण नसेल, तर चोवीस तासांनंतर त्या व्यक्तीस सोडावे लागते. स्पर्धेच्या आदल्या रात्री जुन्या यादीवरून सरसकट माणसे उचलणे या तरतुदीत बसत नाही.

(ई) पाळत : मोठ्या स्पर्धांत कॅमेरे आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा यांचा वापर वाढत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. त्यामुळे कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ ठेवली जाते, हे विचारण्याचा नागरिकांना आधार मिळाला आहे.

४.२.७ बळाचा वापर, अटक आणि कोठडी

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार बेकायदेशीर जमावास, किंवा शांतताभंग होण्याची शक्यता असलेल्या पाच अथवा अधिक व्यक्तींच्या जमावास, प्रथम पांगण्याचा आदेश द्यावा लागतो. आदेश न पाळल्यासच बळाचा वापर करता येतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, झोपलेल्या जमावावर मध्यरात्री केलेल्या पोलीस कारवाईबद्दल कठोर ताशेरे ओढले. तिकीट न मिळाल्याने रेटारेटी करणाऱ्या प्रेक्षकांवर सूचना न देता लाठीमार करणे हे या तत्त्वांत बसत नाही. लाठीमाराने गर्दी अचानक मागे सरकते आणि त्यातूनच चेंगराचेंगरी होऊ शकते, हे व्यावहारिक कारणही ध्यानात घ्यावे.

अटकेविषयी डी. के. बसू खटल्यातील १९९६ चा निर्णय मूलभूत मानला जातो. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असावी, साक्षीदाराच्या सहीसह अटकेचा पंचनामा करावा, नातेवाइकास कळवावे, वैद्यकीय तपासणी व्हावी आणि वकिलाची भेट मिळावी, हे त्यातील मुख्य निर्देश आहेत. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीस अटक करता येत नाही; तिची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावयाची असते. रात्रीचे सामने वाढत असल्याने हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो.

हे नियम कागदावर राहिल्यास काय घडते, याची आठवण सांगलीला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याला मारहाण करून, मृत्यूनंतर मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळल्याचा आरोप पोलीस अधिकारी व कर्मचारी यांच्यावर ठेवण्यात आला. या घटनेनंतर शहरात तीव्र जनक्षोभ उसळला. ही घटना कोणत्याही स्पर्धेच्या वेळची नव्हती. परंतु ज्या ठाण्यात एरवी अटकेची नोंद नीट होत नाही, तेथे महोत्सवाच्या धावपळीत ती होईल अशी अपेक्षा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे निर्देश दिले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

४.२.८ पोलिसांचे हक्क

मानवी हक्कांची चर्चा पोलिसांविरुद्धची चर्चा आहे, असा एक गैरसमज आढळतो. पोलीसही हक्कधारक आहेत. बंदोबस्तावरील शिपाई सलग कित्येक तास उन्हापावसात उभा असतो. जेवण वेळेवर मिळत नाही, महिला शिपायांना स्वच्छतागृह मिळत नाही, सुट्या रद्द होतात. थकलेल्या माणसाचा संयम लवकर सुटतो. म्हणून पाळ्यांचे योग्य नियोजन, पाणी, विश्रांती आणि गर्दी हाताळण्याचे प्रशिक्षण या सोयी नागरिकांच्या हक्करक्षणाच्याही अटी आहेत. बेकायदेशीर आदेश नाकारणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला संरक्षण मिळणे हेही तितकेच आवश्यक आहे.

४.२.९ दाद मागण्याचे मार्ग

हक्कभंग झाल्यास पुढील मार्ग उपलब्ध आहेत.

१. पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार.
२. प्रकाश सिंह खटल्यातील २००६ च्या निर्देशांनंतर स्थापन झालेले पोलीस तक्रार प्राधिकरण. सातारा व सांगली हे जिल्हे पुणे विभागात येतात.
३. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ खालील राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करणे आवश्यक असते.
४. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना येथे मोफत कायदेशीर साहाय्य मिळते.
५. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ नुसार याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले असून सातारा व सांगली त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. मुंबईचा प्रवासखर्च न परवडणाऱ्यांसाठी हा बदल मोलाचा आहे.

तक्रार करताना तारीख, वेळ, ठिकाण, छातीवरील पट्टीवरचे नाव, साक्षीदार आणि वैद्यकीय कागद यांची नोंद ठेवावी. गर्दीत घडलेल्या घटनेचा पुरावा लवकर नाहीसा होतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २

चूक की बरोबर ते सांगा.
१. जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीविना कितीही दिवस चालू ठेवता येतो.
२. तडीपारीच्या आदेशाविरुद्ध अपील करता येते.
३. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय महाराष्ट्रालाही आपोआप लागू होतो.

४.३ सारांश

मोठ्या क्रीडास्पर्धेत पोलिसांना व्यापक अधिकार वापरावे लागतात. त्यांचा उद्देश खेळाडू, प्रेक्षक आणि रहिवासी या सर्वांचे जीवित व स्वातंत्र्य सुरक्षित ठेवणे हा असतो. दिल्ली २०१० च्या अनुभवातून प्रतिमेसाठी गरिबांना हटवण्याचा धोका दिसतो. मांढरदेव आणि हिल्सबरो यांतून नियोजनाच्या अभावाची किंमत कळते. जमावबंदी, तडीपारी, प्रतिबंधात्मक अटक आणि बळाचा वापर यांना कायदेशीर आधार, योग्य उद्दिष्ट, गरज आणि प्रमाण या चार कसोट्या लावाव्या लागतात. सुरक्षा आणि हक्क हे परस्परविरोधी नसून, हक्क जपणारा बंदोबस्तच खऱ्या अर्थाने सुरक्षित असतो.

४.४ पारिभाषिक शब्द

प्रमाणबद्धता : निर्बंध आणि त्याचे उद्दिष्ट यांत योग्य मेळ असणे.
तडीपारी : व्यक्तीस ठराविक हद्दीबाहेर राहण्यास भाग पाडणारा आदेश, हद्दपारी.
दखलपात्र गुन्हा : ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा.
विमुक्त जमाती : गुन्हेगार जमाती कायद्याच्या बंधनांतून मुक्त झालेल्या जमाती.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. हेलसिंकी २. २२ ३. १८७१
प्रश्न २ : १. चूक २. बरोबर ३. चूक

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘गर्दी म्हणजे उपद्रव नव्हे, तर हक्क असलेली माणसे’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमातील व्याख्या आणि महाराष्ट्रातील भटक्या लोककलावंतांचे जीवन यांतील संघर्ष स्पष्ट करा.
३. प्रमाणबद्धतेच्या चार अटी सांगून त्या जमावबंदीच्या आदेशास लावून दाखवा.
४. टीपा लिहा : (अ) डी. के. बसू निर्णय (आ) पोलिसांचे हक्क (इ) पोलीस तक्रार प्राधिकरण.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या तालुक्यात होणारी एखादी कुस्ती, मॅरेथॉन किंवा बैलगाडा शर्यत निवडा. येण्याजाण्याच्या वाटा, पाण्याची सोय, महिलांसाठी स्वच्छतागृह, रुग्णवाहिकेची जागा, सूचनाफलक आणि फेरीवाल्यांना दिलेली जागा यांचे निरीक्षण करा. एक प्रेक्षक, एक विक्रेता आणि बंदोबस्तावरील एक पोलीस यांच्याशी त्यांच्या संमतीने बोला. त्यांची नावे लिहू नका. तिघांना सुरक्षेविषयी काय वाटते, यातील साम्य व भेद दाखवणारा सुमारे पाचशे शब्दांचा अहवाल तयार करून अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात सादर करा.